नाल काढल्यानंतर

घोड्याचा खूर तासायला घेतला की चार माणसं बघायला जमतातच. मांडीवर घेतलेला पाय, पक्कड, कानस, वाकडी सुरी, खाली पडणारे खुराचे काप आणि ते पळवायला टपून बसलेली पागेतली कुत्री. मोबाइलवर व्हिडिओ होतात ते याचेच. पण बिघडलेल्या खुरांचा घोडा बिननालेचा ठेवून बरा करायचा असेल, तर या तासण्याचा वाटा फार थोडा. चार-पाच आठवड्यांतून एकदा पाऊण तास कानस चालते. बाकीचे सगळे दिवस खूर घडतो किंवा बिघडतो तो घोडा काय खातो, कशावर उभा राहतो आणि किती चालतो त्यावर. पुण्याच्या आसपासच्या पागांमध्ये मी हे काम करते. माझ्याकडचे किस्से बहुतेक या बाकीच्या दिवसांतलेच आहेत.

मुळशीकडच्या एका शेतावर एक कुमेत घोडी आहे. थरोब्रेड, रेसमधून निवृत्त झालेली. शेताच्या मालकीणबाईंना सगळे ताई म्हणतात. त्यांनी ती घोडी केवळ जीव जडला म्हणून आणली. रेसच्या घोड्याला नाल फार लवकर लागतो, टाचेच्या आतली गादी अजून तयार होत असते त्या वयात. हिच्या पुढच्या दोन्ही खुरांची टोकं लांब पुढे गेली होती, टाचा दबून अंगठ्याच्या जाडीएवढ्याही उरल्या नव्हत्या आणि मागून पाहिलं की दोन टाचांमधलं अंतर आवळल्यासारखं दिसत होतं. तळव्याच्या मागच्या भागात एक त्रिकोणी, लवचीक उंचवटा असतो. नालबंद त्याला पुतळी म्हणतात. निरोगी घोड्याची पुतळी रुंद आणि घट्ट असते आणि पाऊल पडताना जमिनीला टेकते. हिची चिंबलेली होती आणि तिच्या मधोमध अख्खी आगकाडी आत जावी एवढी खोल फट पडली होती. वास तर गोठ्याच्या दारातूनच यायचा.

डॉक्टरांनी एक्स-रे काढला. खुराच्या आतल्या शेवटच्या हाडाखाली तळव्याची जाडी निदान १५ मिलिमीटर तरी असावी असं मानतात. हिची १० च्याही खाली होती. एवढ्या पातळ तळव्यावर खडी टोचणार नाही तर काय होणार?

नाल काढायला आम्ही एका म्हाताऱ्या नालबंदांना बोलावलं. उभी हयात त्यांनी रेसच्या घोड्यांना नाल ठोकले. त्यांना सगळे चाचा म्हणतात, मीही म्हणते. त्यांना या ‘अनवाणी’ प्रकाराचा रागच होता. आल्या आल्या म्हणाले, “बेटी, नाल काढला की ही लंगडेल, आणि नाव माझं खराब होईल.” तरी ते घोडीकडे वळले, आणि त्यांनी जे केलं ते मी तोपर्यंत कुणाला करताना पाहिलं नव्हतं. घोडी सांभाळणाऱ्या सईसमामांना त्यांनी ती सिमेंटच्या कट्ट्यावरून सरळ चालवायला सांगितली आणि स्वतः तिच्याकडे पाठ करून उभे राहिले. डोळे मिटून, नुसते ऐकत. दोन फेऱ्या झाल्यावर म्हणाले, “पुढचे दोन्ही टोकावर पडतायत. डावा जास्त.”

मी त्या फेऱ्यांचा व्हिडिओ काढला होता. मोबाइलवर वेग कमी करून पाहिला तर चाचांचं म्हणणं अक्षरशः खरं. निरोगी पाऊल टाचेवर किंवा सपाट पडतं. टाच दुखत असली की घोडा टोकावर पाऊल टाकतो. टाच वापरात येत नाही म्हणून आतली गादी कमजोर राहते, आणि ती कमजोर म्हणून टाच आणखी दुखते. अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीत रॉबर्ट बाउकर यांनी घोड्यांच्या पायांचे छेद घेऊन या गादीचा अभ्यास केला. चांगल्या खुरात ती चिवट तंतुमय कूर्चेने भरलेली असते आणि बिघडलेल्या खुरात मऊ व दुबळी राहते, हे त्यांनी दाखवलं. चाचांनी बाउकर यांचं नाव ऐकलेलं नाही. पण टाचेचा आवाज कसा असायला हवा, हे त्यांच्या कानाला बरोबर ठाऊक आहे. तेव्हापासून माझ्या प्रत्येक भेटीची सुरुवात त्या कट्ट्यावर ऐकण्यानेच होते.

नाल निघाले. मग मी फक्त भिंतीच्या कडा गोल केल्या, पुढे गेलेलं टोक जरा मागे घेतलं आणि हत्यारं ठेवून दिली. ताई गोंधळल्या. “बस, एवढंच?” खाली जेमतेम मूठभर भुसा पडला होता आणि पैसे पूर्ण द्यायचे होते. हा प्रसंग माझ्या कामात पुन्हा पुन्हा येतो. सुरी हातात असली की तळवा खरवडून खोलगट करावा, पुतळी कापून नीटनेटकी करावी असा मोह होतो आणि बघणाऱ्यालाही काहीतरी झाल्याचं समाधान मिळतं. पण ज्या तळव्याची जाडी आधीच अपुरी आहे त्याचा एक मिलिमीटर काढणंही घोडीच्या अंगावर येतं. खोलगटपणा आतून यावा लागतो. खुराच्या भिंतीने आतलं हाड घट्ट धरून वर उचललं की तळवा आपोआप खोल होतो. ताईंना मी खुराचं मॉडेल दाखवून हे समजावलं. भिंतीच्या आतल्या बाजूला साडेपाचशे-सहाशे उभ्या पापुद्र्यांची रांग असते, आणि त्या प्रत्येकावर शंभराहून जास्त बारीक पापुद्रे. हाडावरचे तसेच पापुद्रे त्यांच्यात दोन फण्या एकमेकींत अडकवाव्यात तसे गुंतलेले असतात. घोड्याचं सगळं वजन त्या गुंतणुकीवर लटकतं. ती ताणली गेली की टोक पुढे पळतं, आणि बाहेरून कितीही तासलं तरी ते पुन्हा पळतच राहतं.

ही गुंतणूक ताणली जाण्यामागे पुष्कळदा चंदी असते. दाण्यातला स्टार्च आणि साखर जास्त झाली की लॅमिनायटिस होतो, म्हणजे हे पापुद्रेच सुजतात. आपल्याकडे घोड्यावरचं प्रेम गुळाने मोजतात. पागेत पाहुणा आला की घोड्याला गूळ, शर्यत जिंकली की गूळ, सणाला गूळ. सईसमामा या घोडीला रोज संध्याकाळी गुळाचा खडा द्यायचे आणि ते कुणाला सांगायचेही नाहीत. त्यांना तो बंद करायला सांगणं हे मला नाल काढण्यापेक्षा कठीण गेलं. मामा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मग त्यांच्याकडेच एक काम सोपवलं. सुकं गवत तासभर पाण्यात भिजवायचं, पाणी ओतून टाकायचं आणि मगच घोडीपुढे घालायचं. गवतातली बरीचशी साखर पाण्याबरोबर निघून जाते. त्या पाण्याचा रंग चहासारखा होतो हे मामांनी पहिल्याच दिवशी पाहिलं आणि त्यांची खात्री पटली. पुढे तेच इतरांना बादली दाखवून सांगू लागले, “बघा, हे सगळं हिच्या पायात जात होतं.” गुळाच्या जागी काकडी आली. घोडीने कुरकूर केली नाही.

खुराक बदलला तेव्हा ताईंनी विचारलं, बाजारात खुरांसाठी एवढ्या पावडरी मिळतात, त्यांचं काय? बायोटिनबद्दल एक चांगला अभ्यास आहे. १९९५ मध्ये तो प्रसिद्ध झाला, ४२ लिपिझ्झानर घोड्यांवर. दिवसाला २० मिलिग्रॅम बायोटिन दिलेल्या घोड्यांचे खूर सुधारले, पण फरक दिसायला नऊ महिने लागले. पहिल्या डब्यानंतर “काही उपयोग नाही” म्हणून सोडून देणारे मालक मी पुष्कळ पाहिले आहेत. तांबं आणि जस्त कमी पडत असेल तर नुसत्या बायोटिनने भागत नाही, म्हणून आम्ही तेही डॉक्टरांच्या सल्ल्याने सुरू केलं. लसूणघास कमी केला, डोंगरी गवत वाढवलं.

चंदीचा विषय निघाला की मला दुसरी एक घोडी आठवते. वरातीची, पांढरी, लग्नसराईत मालकाचं घर चालवणारी. फेब्रुवारीच्या शेवटी मला बोलावलं ते “जरा जपून चालते” एवढ्याच तक्रारीवर. खुराच्या भिंतीवर केसांच्या रेषेपासून साधारण २५ मिलिमीटर खाली एक ठळक कडं होतं. अशी कडी ताप आला, खाणं बदललं तरी पडतात, पण ती पुढून मागे समांतर जातात. हे कडं टाचेकडे रुंद होत गेलं होतं. असं कडं दिसलं की लॅमिनायटिसचा संशय घ्यायचा. भिंत महिन्याला आठेक मिलिमीटर वाढते, म्हणजे गोष्ट तीन महिन्यांपूर्वीची. मी मालकांना विचारलं, “तुळशीचं लग्न झाल्यावर आठ-दहा दिवसांत हिला काय झालं होतं?” ते म्हणाले, काहीच नाही. शेजारी उभा असलेला, घोडी सांभाळणारा पोरगा मात्र खाली बघायला लागला.

मालक चहा सांगायला गेले तेव्हा तो हळूच म्हणाला, “ताई, तुम्हाला कुणी सांगितलं?” कुणीच सांगितलं नव्हतं. एका रात्री दावं सुटून घोडी कोठीत शिरली होती आणि सकाळपर्यंत हरभऱ्याचं पोतं फस्त करत होती. नंतर काही दिवस ती पुढचे पाय लांब टाकून, वजन मागे घेऊन उभी राहिली. पोराने नोकरी जाईल या भीतीने तिला फिरवलंच नाही आणि “थकलीय” म्हणून वेळ मारून नेली. मी त्याचं नाव घेतलं नाही. मालकांना एवढंच सांगितलं की कोठीला कुलूप हवं, हिचा एक्स-रे हवा आणि डॉक्टर हिरवा कंदील दाखवेपर्यंत वराती बंद. त्या पोराला मात्र बजावलं: असं पुन्हा झालं तर त्याच क्षणी डॉक्टरला फोन कर. दाणा जास्त खाल्ल्यावरचे पहिले काही तास फार मोलाचे असतात. त्याच वेळी पायांना बर्फ लावून थंडावा दिला तर खूर वाचू शकतात, आणि तो पोरगा घोडीवर जीव टाकणारा होता, त्याला फक्त हे ठाऊक नव्हतं.

मुळशीच्या घोडीकडे परत येते. खाणं मार्गी लागलं तसा जमिनीचा प्रश्न समोर आला. बिननालेच्या घोड्याबद्दल बोलताना सगळे अमेरिकेतल्या रानघोड्यांचं उदाहरण देतात. जेमी जॅक्सन हा मूळचा नालबंद, १९८२ ते १९८६ या काळात त्याने ग्रेट बेसिनमधल्या जंगली कळपांचे खूर पाहिले आणि १९९२ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. ते घोडे कोरड्या, खडकाळ रानात मैलोन् मैल चालतात आणि त्यांचे खूर चालताना आपोआप झिजतात. त्यातून शिकायला खूप आहे. पण मुळशीत जून ते सप्टेंबर जमीन कोरडी म्हणून मिळत नाही. ग्रेट बेसिनचा खूर इथे येणार नाही. इथला खूर इथेच घडवायचा.

या बाबतीत मला सगळ्यात उपयोगी पडला तो झेनोफन, ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकातला ग्रीक घोडदळाचा माणूस. त्याच्या काळात खिळ्यांचे नाल नव्हते, त्यामुळे खूर मजबूत ठेवणं हा लढाईचाच प्रश्न होता. त्याने लिहून ठेवलंय की तबेल्याबाहेर चार-पाच गाड्या भरून गोल दगड पसरावेत आणि खरारा करायला घोडा त्यांच्यावर उभा करावा. उभ्या उभ्या पाय हलवून तो खूर कमावतो. ताईंना हे इतकं आवडलं की त्यांनी दुसऱ्याच दिवशी ट्रॉली मागवली. आली ती क्रशरची खडी. फोडलेला काळा दगड, कोपऱ्या-कोपऱ्यांचा. पातळ तळव्याच्या घोडीला त्यावर उभं करणं म्हणजे शिक्षा झाली असती. ती खडी आम्ही फाटकाजवळच्या चिखलात तळाला घातली, पाणी मुरायला. बागेत घालायचे गुळगुळीत बारीक गोटे वेगळे आणले आणि पाण्याच्या हौदाभोवती अर्धा फूट जाडीचा थर केला. घोडी दिवसातून कितीदा तरी पाणी प्यायला जाते, आणि प्रत्येक वेळी तिची पुतळी त्या गोट्यांवर दाबली जाते. गवत हौदापासून लांब, शेताच्या पार वरच्या कोपऱ्यात टांगलं. पाण्यापासून चाऱ्यापर्यंत चालणं झालं ते असं. कुणाला लगाम धरून फिरवावं लागलं नाही.

पावसाळ्यात पुतळीची लढाई सुरू झाली. तिच्यातले कुजवणारे जंतू हवा न लागणाऱ्या जागी वाढतात, म्हणून ती खोल फट हेच त्यांचं घर. पागांमध्ये यावर मोरचूद भरायची जुनी पद्धत आहे. जंतू मरतात, पण मोरचुदाचे खडे जिवंत मांसही जाळतात, आणि जळलेली फट घोड्याला आणखी दुखते. मग तो पुन्हा टोकावर चालायला लागतो, म्हणजे आपण होतो तिथेच. मामांनी रोज संध्याकाळी फट धुऊन, पुसून कोरडी करायची आणि डॉक्टरांनी दिलेलं मलम कापसाला लावून अलगद भरायचं असं ठरलं. अख्खा श्रावण त्यांनी हे एकही संध्याकाळ न चुकवता केलं. पाऊस, चिखल, गुडघेदुखी, काही आड आलं नाही. या घोडीचं श्रेय कुणाला द्यायचं म्हटलं तर मी पहिलं नाव मामांचं घेईन.

आणि नेमकी सगळं सुधारतंय असं वाटत असताना, गणपतीच्या आधी, एका सकाळी ताईंचा फोन आला. घोडी तीन पायांवर उभी होती, उजवा पुढचा पाय टेकवत नव्हती. “मोडला का गं?” त्यांचा आवाज कापत होता. डॉक्टर आणि मी जवळपास एकाच वेळी पोचलो. खूर गरम होता, घोट्याजवळची नाडी जोरात उडत होती. चिमट्याने दाबून पाहिल्यावर एका जागी ती दचकली. गळू होतं. खराब भिंतीत अडकलेली घाण आत पू करते आणि त्याला बाहेर पडायला जागा नसते, म्हणून इतक्या वेदना. खूर बदलत असताना हे होऊ शकतं. तरी तीन पायांचा घोडा दिसला की “गळूच असेल” म्हणून घरी बसू नये, डॉक्टरने बघायलाच हवं. डॉक्टरांनी सगळ्यात आधी धनुर्वाताची लस कधी दिली ते विचारलं. घोड्याला धनुर्वात फार पटकन होतो आणि खुरातली जखम ही त्याची आवडती वाट. लस वेळेवर झालेली होती.

कोमट पाणी, एप्सम सॉल्ट, पोटिस, पट्टी. शेजारपाजारचे येऊन सल्ला देऊ लागले की हट्ट सोडा आणि नाल ठोका. चाचाही आले, कुणीतरी कळवलं म्हणून. मला वाटलं आता तेही तेच सांगतील. त्यांनी पाय उचलून घेतला, टाच दोन्ही हातांनी दाबली आणि ताईंना म्हणाले, “यात आता खिळा ठोकला तर पू कुठून जाईल?” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “टाच भरतेय. ही आधी अशी नव्हती.” दोन रात्रींनी गळू टाचेच्या वर, केसांच्या कडेला फुटलं. सकाळी घोडी चारही पायांवर उभी राहून गवत मागत होती.

चाचांची घोड्यांच्या मालकांविषयीची तक्रारही ऐकण्यासारखी आहे. नाल दर पाच-सहा आठवड्यांनी काढून खूर तासून पुन्हा बसवायचा असतो. लोक पैसे वाचवायला तीन-तीन महिने तोच नाल ठेवतात, टोक पुढे वाढत राहतं, टाच चिरडते आणि दोष नालाला आणि नालबंदाला. त्यांचं म्हणणं मला पूर्ण पटतं. नाल शत्रू नाही. माथेरानसारख्या ठिकाणी घोडा दिवसभर माणसं वाहतो. तिथल्या लाल मातीच्या रस्त्यावर पेव्हर ब्लॉक आल्यावर घोडे घसरतात ही तिथल्या घोडेवाल्यांची तक्रार सुप्रीम कोर्टापर्यंत गेली. त्या माणसाला जाऊन “नाल काढा” म्हणणं मला शोभणार नाही. त्याच्या घोड्याला वेळेवर तासणी, कमी साखर आणि रात्री कोरडी जागा मिळाली, तर नालेखालचा खूरही चांगला राहतो.

उलट टोकालाही एक गट आहे. २०२१ मध्ये टोकियोत स्वीडनने सांघिक उड्यांचं ऑलिम्पिक सुवर्ण जिंकलं, आणि त्यांच्यातले ऑल इन आणि किंग एडवर्ड हे दोन घोडे बिननालेचे होते. पेडर फ्रेडरिकसनने ऑल इनवर वैयक्तिक रौप्यही घेतलं. त्या आठवड्यात मला किती फोन आले! सगळ्यांना लगेच नाल काढायचे होते. त्या घोड्यांमागे वर्षानुवर्षांची तयारी, उत्तम मैदानं आणि रोजची निगराणी आहे. ते पाहून आनंद झालाच. पण शनिवारी नाल काढून रविवारी डांबरावर दौडवायचं असेल, तर मी येणार नाही असं मी स्पष्ट सांगितलं.

खुराच्या टोकाला वरून खाली पूर्ण नवी भिंत यायला नऊ महिने ते वर्ष लागतं. मुळशीच्या घोडीच्या भिंतीवर मध्यंतरी एक स्पष्ट कोन दिसायचा: वर नवीन, घट्ट, सरळ वाढ आणि खाली जुनी, पसरलेली. तो कोन प्रत्येक भेटीत थोडा खाली सरकायचा. मामा त्याच्यावर खडूने खूण करून ठेवायचे. आता तो जमिनीला लागून निघून गेला आहे. नव्या एक्स-रेत तळवा जाड झालेला दिसतो, फटीत आगकाडी जात नाही, कट्ट्यावरचा आवाज बदलला आहे. मागचे पाय उत्तम आहेत. पुढच्या पायांना मातीवर आणि डांबरावर काही त्रास नाही, मात्र धरणाकडच्या फुटक्या रस्त्यावर अजून बूट घालावे लागतात. चिखलात ते बूट निघून हरवतात, मग मामा टॉर्च घेऊन शोधत फिरतात. यंदाच्या पावसाळ्यात डाव्या पुतळीची फट पुन्हा जरा ओलावली, तिच्यावर औषध चालू आहे.

पुढच्या फेरीला चाचा त्यांच्या मुलाला घेऊन येणार आहेत. नाल ठोकायचा धंदा त्याला करायचा नाही, पण कानस धरायला तो तयार झालाय.